अनुपमा किती वाजता जेवते?

रविवारी सकाळी चहाच्या आधी वजन करायचं, हा साखरखेर्ड्यातल्या त्या घराचा अडीच वर्षांचा नेम होता. न्हाणीघराच्या दाराशी काचेचा वजनकाटा ठेवलेला असे. अनुपमा पदर खोचून त्यावर उभी राही आणि समोर पाही. आकडा वाचायचं काम तिच्या नवऱ्याचं, जीवनचं. त्या रविवारी जीवन वाकला, सरळ झाला आणि पुन्हा वाकला. सत्याऐंशी. मागच्या महिन्यात पंच्याऐंशी होतं, होळीला ब्याऐंशी.

“वाढलं?” तिने विचारलं.

“वाढलं.”

ती उतरली आणि चहा टाकायला गेली. पण जीवनच्या पायाला जी भिंगरी लागली ती दिवसभर सुटली नाही. बसस्टँडच्या रस्त्याला त्याचं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान होतं. तिथे तो बसे, उठे, रस्त्यावर येऊन उगाच जालन्याच्या गाडीची वाट पाही आणि पुन्हा आत जाई.

अडीच वर्षांपूर्वी अनुपमाचं वजन एकशे अठरा किलो होतं. पस्तिशीत गुडघे गेले होते, साखर गोळ्यांना जुमानत नव्हती, झोपेत श्वास अडकत होता. छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सुचवलं: जठर लहान करायचं आणि आतड्याचा काही भाग वगळून पुढे जोडायचं. जीवनचे वडील उकंडराव म्हणाले होते, पोट कापून कोणी बारीक होते काय. पण जीवनने ऐकलं नाही. ऑपरेशन झालं आणि सव्वा वर्षात अनुपमा शहात्तरवर आली. साखरेच्या गोळ्या सुटल्या. लोणारला नातेवाइकांकडे गेली तेव्हा मुलीसोबत, प्रेरणासोबत, सरोवराच्या काठापर्यंत उतरली आणि कुठेही न टेकता वर चढून आली. जीवन तेव्हा ज्याला त्याला तिचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवत असे. बायकोचं बारीक होणं ही जणू त्याचीच कमाई होती.

आणि आता वजन परत येत होतं. गावाला डोळे असतात. दुकानात येऊन बसणारा माणिकराव एकदा सहज म्हणाला, “वहिनी पुन्हा भरून राह्यल्या का रे?” जीवन हसला, पण ते हसू त्याला दिवसभर टोचत राहिलं. ऑपरेशन केलेल्या बाईचं वजन वाढतं म्हणजे ती चोरून खाते, दुसरं काय असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. चौदा वर्षांची प्रेरणा शाळेत गेल्यावर त्याने एक दिवस स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले. बेसनाच्या डब्यामागे शेवेचं पाकीट निघालं, त्याला रबर लावलेलं. आणि अर्धा बिस्किटाचा पुडा.

चोर सापडल्यासारखा त्याला आनंद झाला, हे त्याने पुढे स्वतःशी कबूल केलं. त्या वेळी मात्र त्याने ते पाकीट आईच्या, सत्यभामाबाईंच्या, समोर ओट्यावर आपटलं आणि अनुपमाला म्हणाला, “तोंडाले कुलूप लावता येत नाही त डॉक्टरनं पोट कायले शिवलं?”

अनुपमा भांडी पुसत होती. पुसतच राहिली. सत्यभामाबाई म्हणाल्या, जाऊ दे, खाल्लं असंन एखाद्या वेळी. पण त्या म्हणण्यात सुनेची बाजू नव्हती, नुसता भांडणाचा कंटाळा होता.

वर्षातून एकदा तपासणीला या, असं दवाखान्याने सांगितलं होतं. मागच्या वर्षी शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं क्रॉसिंग चालू होतं म्हणून जाणं राहून गेलं. त्या हंगामात घराला उसंत नसते; बाया सकाळपासून नेटमध्ये उभ्या राहून चिमट्याने एकेका फुलाचं लगीन लावतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला अनुपमाच हवी असे. या वेळी जीवनने तिला घेऊनच जायचं ठरवलं. डॉक्टरांनी तिला चांगलं सुनवावं, अशी त्याची इच्छा होती.

रक्ताचे रिपोर्ट आले ते उलटेच. वजन वाढलेलं, पण अंगात रक्त पावणेआठ, बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. अनुपमाचे केस मुठीने गळत होते, जिने चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. हे तिने डॉक्टरांना सांगितलं तेव्हा जीवनने पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. धम्मशीला मॅडम मूळच्या लोणारच्या. टेबलापलीकडून त्या घरातल्यासारखं बोलत.

जीवनने तक्रार मांडली. शेवेचं पाकीट, बिस्किटं, सगळं. मॅडमने ऐकून घेतलं आणि अनुपमाला विचारलं, “ताई, सकाळी उठल्यावर पह्यला घास तुमी किती वाजता खाता?”

“अकरा वाजता,” अनुपमा म्हणाली, आणि लगेच खाली पाहू लागली.

मॅडमने मान जीवनकडे वळवली. “दादा, तुमी सांगा. ताई किती वाजता जेवते?”

जीवनने तोंड उघडलं. सकाळी सहाला ती चहा देते, हे त्याला माहीत होतं. नऊला त्याला ताट वाढते, एकला वडिलांना वाढते, रात्री साडेआठला पुन्हा सगळ्यांना वाढते. वाढताना तिचा हात, तिच्या बांगड्या, भाकरीवरून तिने फिरवलेलं तुपाचं बोट, सगळं डोळ्यांसमोर होतं. पण जेवणारी अनुपमा त्याला काही केल्या आठवेना. लग्नाला सतरा वर्षं झाली होती.

“असंन, दीड-दोन वाजता,” तो म्हणाला.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी साधं समजावून सांगितलं. ऑपरेशनने पोट लहान होतं, भूक काही दिवस दबते; पण ते काही जन्माचं कुलूप नव्हे. वजन ताब्यात ठेवायचं तर ठरल्या वेळी थोडं-थोडं खायचं, आधी उसळ, डाळ, दही, पनीर, मग भाकर. सावकाश, बसून, चावून. पाणी जेवणाच्या आधी नाहीतर नंतर. लोहाच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. रोज पाऊण तास चालणं. आणि जो माणूस आठ-आठ तास उपाशी राहतो, त्याचे हात थरथरायला लागले की तो समोर दिसेल ते तोंडात टाकतो. शेव आणि बिस्किट त्या लहान पोटातून सुरकन उतरतं, पोट भरत नाही, वजन मात्र भरतं. अंगाला लागायचं ते लागत नाही.

“यायले रागावून काही होत नसते,” मॅडम म्हणाल्या. “तुमी एकच करा. एक दिवस दुकान बंद ठेवा. घरी बसा. काही बोलू नका, मदतबी करू नका. ताईच्या तोंडात काय गेलं आन् किती वाजता गेलं, तेवढं एका कागदावर लिहा.”

परतीच्या बसमध्ये जीवन खिडकीशी बसला होता आणि त्याचा गुडघा सारखा हलत होता. हे काय काम झालं, असं त्याला वाटत होतं. जालना गेलं, सिंदखेडराजा आलं, आणि शेजारी अनुपमा खिडकीच्या दांडीला डोकं टेकून झोपी गेली होती. तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. जाडजूड अंगात माणूस उपाशी असू शकतो, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं.

बुधवारी त्याने दुकान उघडलं नाही. अंगात कणकण आहे म्हणाला आणि ओसरीत खाट टाकून बसला, जिथून स्वयंपाकघर सरळ दिसे.

साडेपाचला अनुपमा उठली. सहाला सगळ्यांसोबत अर्धा कप गोड चहा. जीवनने लिहिलं. सातला प्रेरणाचा डबा झाला, पोहे झाले. पोहे उकंडरावांनी खाल्ले, जीवनने खाल्ले, प्रेरणाने खाल्ले. कढईत राहिले ते सत्यभामाबाईंना जेमतेम पुरले. अनुपमा गोळीची पट्टी हातात घेऊन क्षणभर थांबली आणि रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून तिने ती परत ठेवली. नऊला भाकरी. साडेनऊला ती शेडनेटकडे गेली. जीवन मागोमाग गेला नाही, पण अकरा वाजता ती परत आली तेव्हा तिचा चेहरा घामाने डबडबलेला होता, आणि ऊन काही एवढं नव्हतं.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी तिने बेसनाच्या डब्यामागे हात घातला. मूठभर शेव घेतली आणि भिंतीकडे तोंड करून, उभ्याने, भराभरा खाल्ली. मग ओठ पुसले.  जीवनने लिहिलं, पण अक्षर वाचता येईना.

साडेबाराला मटकीची उसळ तयार झाली. तिच्यासाठी मॅडमने सांगितलेली हीच ती उसळ. एकला उकंडराव शेतातून आले आणि पाटावर बसले. शाळा अर्धा दिवसच होती, म्हणून प्रेरणा भुकेजून ताट घेऊन आली, तशी सत्यभामाबाई म्हणाल्या, आबाचं होऊ दे बाई, मंग बस. पोरगी ताट मांडीवर ठेवून बसली आणि बोटाने रिकाम्या ताटावर रेघा ओढत राहिली. उकंडरावांनी दोनदा उसळ घेतली. मग बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला, त्याच्यासाठी चहा झाला, त्या चहाबरोबर अनुपमाने दोन बिस्किटं उचलली. मग जीवन जेवला. तिच्याआधी बसायचं त्याच्या मनात नव्हतं, पण जेवला, कारण मॅडमने काही बदलू नका म्हटलं होतं. मग प्रेरणा. सव्वादोनला सत्यभामाबाई.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी अनुपमा बसली. पातेल्यात मटकी उरली नव्हती, रस्सा होता. भाकरी अर्धी होती. भात होता बराच, टाकवणार कसा. दुसऱ्या घासाला उकंडरावांनी पाणी मागितलं, ती उठली. चौथ्या घासाला दारात कोणी आलं, ती उठली. मग घाईने भात संपवला, छातीशी अडकला म्हणून वरून तांब्याभर पाणी प्याली.

त्या घरात अनुपमाला कोणी उपाशी ठेवलं नव्हतं, हे इथे सांगितलं पाहिजे. तिच्यावर हात उचलला गेला नव्हता, तिला कोणी जेवू नको म्हटलं नव्हतं. धान्याने कोठी भरलेली होती. फक्त बाईने मागून जेवायचं असतं आणि उरलंसुरलं संपवायचं असतं, एवढंच. हे कोणी ठरवलं ते कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मोडायचं कोणी तेही कोणाला सुचत नव्हतं.

संध्याकाळी जीवनने आईजवळ विषय काढला. सत्यभामाबाई लसूण सोलत होत्या. त्यांना हे बोलणं समजलंच नाही आधी. मग म्हणाल्या, “म्या काय येगळं केलं? पन्नास वर्सं मागूनच जेवली. माही सासू त तिसऱ्या पहरी जेवे. कोनी मेलं काय?”

“तुले चक्कर येत नव्हती का माय?”

त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. “ये. पन ते कोनाले सांगाचं असते का.”

जीवन वडिलांशी बोलणार होता. उद्या बोलू म्हणाला, मग परवा. उकंडराव करड्या शिस्तीचे होते, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि चाळीस वर्षांच्या मुलाने त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आठ दिवसांवर आल्या. बसवण्याची, पुरणाची, सोळा भाज्यांची घाई सुरू झाली. जीवनने अनुपमाला सांगितलं, “त्या दिवशी तू उपाशी राहाचं नाई. पह्यल्या पंगतीतच बसजो. मी सांगतो आबाले.”

“खरंच सांगसान?” तिने विचारलं. तिने त्याच्याकडे असं निरखून पाहिलं, की त्याला आपलंच बोलणं उसनं वाटलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात पन्नास माणूस होतं. बाया पहाटेपासून ओल्या केसांनी स्वयंपाकात. आरती होईस्तोवर पाण्याचा घोट नाही. आरतीला दीड वाजला. मग पुरुषांची पंगत बसली. उकंडराव मधोमध, त्यांच्या शेजारी व्याही, पाहुणे, माणिकराव, आणि कडेला जीवन. सकाळपासून तीनदा तो वडिलांजवळ गेला होता आणि तीनदा दुसरंच काहीतरी विचारून परत आला होता.

अनुपमा कटाचं सार वाढत आली. ती त्याच्यासमोर थांबली. ओगराळं पातेल्यात होतं, पण तिने ते उचललं नाही. ती त्याच्याकडे पाहत होती. पंगतीतल्या कोणाच्या हे लक्षात आलं नाही. जीवनने एकदा वडिलांकडे पाहिलं. ते व्याह्यांशी पावसाविषयी बोलत होते.

जीवनने वाटी पुढे केली.

तिने सार वाढलं आणि ती पुढच्या ताटाकडे गेली.

दुसरी पंगत झाली, मुलांची झाली. सव्वाचार वाजले होते. बायांची पानं मांडायची होती, त्याआधी शेवटची भजी तळायची होती. शेजारच्या जनकाबाईंनी अनुपमाचा चेहरा पाहिला आणि प्रसाद म्हणून पुरणपोळीचा तुपात भिजलेला मोठा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. माया होती ती. पण दिवसभराच्या रिकाम्या, ऑपरेशन झालेल्या पोटात ते गोड एकदम उतरलं. अनुपमाला धडधडायला लागलं, घाम फुटला. ती कढईशी बसली, भज्यांचा एक घाणा काढला, आणि थोड्या वेळाने झारा हातात धरूनच कलंडली. कढई तिरपी झाली. तेल तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत गेलं.

ती ओरडलीसुद्धा नाही. तिला शुद्धच नव्हती. ओरडली प्रेरणा.

गावातल्या डॉक्टरांनी आधी बोटातून रक्त घेतलं. साखर अठ्ठेचाळीस. ऑपरेशन झालेल्या पोटात एकदम गोड गेलं की साखर आधी चढते आणि मग अशी कोसळते, ते म्हणाले. सलाईन लावून तिला मेहकरला नेलं. गाडीत तिचं डोकं जीवनच्या मांडीवर होतं आणि त्याच्या ढेकराला पुरणाचा वास येत होता. तो वास त्याला आयुष्यभर सहन होणार नव्हता.

चार दिवसांनी ती घरी आली. हाताला पट्टी. पाहायला येणाऱ्या बाया एकच म्हणत, ते पोटाचं ऑपरेशन केलं तवाच म्हटलं होतं. उकंडरावांनी जीवनला ओसरीत बोलावून सांगितलं, की आता डॉक्टर, मॅडम, कागद, काही या घरात नको. देवाच्या दिवशी असं होणं बरं नाही. जीवनने मान हलवली. नकाराची हलवली की होकाराची, हे त्यालाही ठरवता आलं नाही. आत अनुपमा भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.  तो घरातून दुकानात आणि दुकानातून घरात नुसत्या चकरा मारत राहिला.

नवव्या दिवशी ती स्वयंपाकाला उठली. डाव्या हाताने जमेल तसं केलं, प्रेरणाने भाकरी थापल्या, वाकड्या झाल्या. एक वाजता उकंडराव हातपाय धुऊन आत आले. समोर एका ओळीत पाच ताटं मांडलेली होती.

ते उभेच राहिले. पाहुणा कोण आलाय, असं त्यांनी विचारलं.

“पाहुना नाई मामाजी,” अनुपमा म्हणाली. “पाचवं ताट माहं हाये.”

ती बसली. त्यांचं ताट वाढून ठेवलेलं होतं, सगळ्यांचीच होती. तिने स्वतःच्या वाटीत मटकीची उसळ घेतली, निथळून, घट्ट.

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला. उकंडराव म्हणाले, “या घरात बाई मानसाच्या आंधी कधी जेवली नाई.”

“आंधी नाई म्हनत मी. संगं.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “मागून जेवलं की मी पडते, हे तुमी पाह्यलं. या खेपी हात गेला. आता मी कोनाची वाट पाहनार नाई. कोनी सांगंन, याचीबी नाई.”

शेवटचं वाक्य कोणासाठी होतं, ते एकट्या जीवनला कळलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. त्याची गरजच तिने काढून टाकली होती. तिने पहिला घास घेतला आणि सावकाश चावू लागली. 

उकंडराव वळले आणि उपाशीच शेताकडे निघून गेले. सत्यभामाबाई त्यांच्यामागे दारापर्यंत धावल्या. जीवन जागचा हलला नव्हता. मग तो खाली बसला, तिच्या शेजारच्या ताटावर, आणि प्रेरणाला बस म्हणाला. काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटलं. पण बोलायची वेळ महालक्ष्म्यांच्या दिवशी होती आणि ती गेली होती. अर्ध्या जेवणात दारात कोणीतरी हाक मारली. अनुपमाचा हात सवयीने ताटाच्या कडेला गेला. जीवन उठला. “तू बस,” तो म्हणाला, आणि कोण आहे ते पाहायला गेला.

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. उकंडरावांनी तीन आठवडे ओसरीतच ताट मागवलं. सुनेशी ते बोलत नव्हते, मुलाशी कामापुरतं. सकाळी अनुपमा शेंदुर्जनच्या रस्त्याने पाऊण तास चालायला जाऊ लागली, तेव्हा पारावरच्या माणसांना विषय मिळाला. पहिल्या आठवड्यात ती एकटी होती. मग तिच्यासोबत आणखी दोघी दिसू लागल्या. बचत गटाच्या बैठकीत तिने हातावरची पट्टी सोडून भाजलेली कातडी दाखवली आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं. शेवेचं पाकीटसुद्धा लपवलं नाही. बाया आधी हसल्या. मग जनकाबाई म्हणाल्या, आपल्याच हातानं घास कोंबला होता. आणि त्यांनी डोळे पुसले. त्या दिवशी कोणी ठराव केला नाही, शपथ घेतली नाही. पण दोन-तीन घरांत त्या आठवड्यात कुरबुरी झाल्या, असं जीवनच्या कानावर आलं.

चौथ्या आठवड्यात उकंडराव एक दिवस न बोलता आत आले, बसले, एक घास खाल्ला आणि उसळीत मीठ कमी आहे म्हणाले. प्रेरणाने मीठ दिलं. याहून जास्त काही घडलं नाही.

दिवाळीनंतर तपासणी झाली. वजन ब्याऐंशी, रक्त साडेदहा. आणखी थोडं उतरेल, पुन्हा एखाद-दोन किलो चढेल, त्याला घाबरायचं नाही. शहात्तरचा हट्टही धरायचा नाही, असं धम्मशीला मॅडमनी सांगितलं. काटा आठवड्यातून एकदा पाहा, ताट मात्र रोज पाहा. आता आकडा अनुपमा स्वतःच वाचत होती.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी उकंडराव शेडनेटमध्ये अडकले होते. बियाण्याच्या तपासणीला कंपनीचे साहेब आले होते. स्वयंपाक होऊन बसला होता. प्रेरणा शिकवणीवरून आली, हात धुतले आणि सवयीने दाराकडे पाहत उभी राहिली. चुलीशी बसलेल्या सत्यभामाबाई म्हणाल्या, “बस वं पोरी. जेव.”

“आबा येऊ दे ना, आजी.”

“आबाले वाढाले मी हावो. तू जेव.”

त्यांनी स्वतः तिला उसळ वाढली, संपली तेव्हा आणखी वाढली, आणि पोरगी खात असताना गुडघ्याला हातांचा विळखा घालून तिच्याकडे पाहत राहिल्या. अनुपमा जेवत होती, जीवन जेवत होता. सत्यभामाबाईंचं ताट फळीवर तसंच होतं. जीवन उठला, ताट काढून आईसमोर ठेवलं, भाकरी वाढली.

“माय, तूबी बस.”

त्यांनी ताटाकडे पाहिलं. एक तुकडा मोडला, उसळीला लावला, आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला. मग तो परत ताटात ठेवला.

“नाई रे जमत,” त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. “या येळेले मले भूकच लागत नाई आता. कितीक वर्सं झाली, लागतच नाई.”

 प्रेरणाचा हात ताटातच थांबला होता. ती आजीकडे पाहत होती, मग तिने आपल्या बापाकडे पाहिलं, आणि जीवनने आईच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.